दुपट्ट्याखालचं मत

नागपूरला मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या करमाळ्याकडची मंडळी म्हणायची, पोरगा संत्री खायला गेला होता. संत्रीही खाल्ली, ती नंतर.

आमच्या घरात रेल्वेनं एवढ्या लांब जाणारा मी पहिला. बी. ए. होणाराही मीच पहिला. कुणाला ही बढाई वाटली तर वाटू दे. वडिलांनी दुसऱ्याच्या रानात नांगर धरून मला शिकवलं. त्यांना सही येत नाही. मला येते, इंग्रजीतसुद्धा.

एस. टी. धरून मनमाड गाठलं आणि तिथून नागपूरची गाडी. दिवस निवडणुकीचे होते. आणीबाणी सैल झाली होती, आणि दीड वर्ष तोंड मिटून बसलेला सगळा मुलूख एकदम बोलायला लागला होता. डब्यात बसायला जागा नव्हती, पण वाद घालायला होती. अर्धा डबा दिल्लीच्या बाईंच्या बाजूचा, अर्धा बाईंच्या विरोधात एक झालेल्या म्हाताऱ्यांच्या बाजूचा. भुसावळच्या केळीबागा गेल्या, बडनेरा गेलं, वर्ध्याच्या अलीकडे रुळांच्या दोन्ही अंगांना पळस नुसता पेटला होता. पण खिडकीबाहेर बघायला कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती. मी राज्यशास्त्र घेतलेला माणूस. लोकशाही म्हणजे काय, हे मी एका अनोळखी तांदूळवाल्याला जलंबपासून मूर्तिजापूरपर्यंत समजावलं. तो शेवटी झोपला.

माझा मित्र मनोहर मला उतरवून घ्यायला येणार होता. आम्ही दोघं औरंगाबादच्या एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत तीन वर्षं काढली. आता तो कळमेश्वरच्या एका कारखान्यात कारकून होता. पण त्या दिवशी त्याची पाळी बदलली, आणि फलाटावर आली त्याची आई. सावळी, उंच, पदर खोचलेली, हाताला संत्र्याच्या सालीचा वास.

"तू करमाळ्याचा ना गा? मनोहर बोलला होता, चष्मा अन् लोखंडी ट्रंक. चाल. मले कामावर गेलं पाहिजे, तू बी चाल. घरी कुलूप आहे."

या भागरथाबाई. स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात नत्थूजी शेठ नावाच्या अडत्याच्या वखारीत त्या संत्री निवडायच्या. वीस वर्षं झाली होती. तिथल्या बोलीत 'ला'च्या जागी 'ले' येतो. मले, तुले, त्याले. पहिल्या दिवशी माझे कान अडखळले, दुसऱ्या दिवशी सरावले, चौथ्या दिवशी मीच कुणाला तरी "काहून?" (का?) असं विचारून मोकळा झालो.

मार्केटच्या दाराशीच पहिला अपघात झाला. सडक्या संत्र्यावर माझा पाय पडला आणि ट्रंकेसकट मी बसलो. मुलाखतीची म्हणून घातलेली एकुलती एक पँट. दुसऱ्या दिवशी तीन साहेबांनी मला एकूण दहा मिनिटं विचारलं, त्यातला शेवटचा प्रश्न होता, "पँटला हे पिवळं काय?" मी म्हणालो, "नागपूर." कुणी हसलं नाही. परतीचं आरक्षण चार दिवसांनंतरचं होतं. मग मी ते चार दिवस नंदनवनात मनोहरच्या घरी राहिलो आणि दिवसभर मार्केटात बसलो.

नंदनवन हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्यानं आधी टिनाची छपरं मोजली नसावीत. पण भागरथाबाईंचं घर म्हणजे आरसा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मनोहरचं पदवीचं प्रमाणपत्र, तेही चौकटीत. छप्पन साली मनोहरला कडेवर घेऊन त्या दीक्षेला गेल्या होत्या. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकर आणि वांग्याचं तिखटजाळ भरीत. मी सोलापूरकडचा, तिखटाला भिणारा नव्हे, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सकाळी मार्केटच्या टपरीवर तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लाल तिखट रस्सा ओततात). पोहे गोडसर असतात असं समजणाऱ्या आमच्याकडच्या माणसानं ते एकदा खाऊन बघावेत.

वखारीतलं काम बघण्यासारखं होतं. काटोल-कळमेश्वरकडून बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रक भरून माल यायचा. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, ढिगाभोवती बायका. लहान, मध्यम, मोठं, डागी असे वेगळे ढीग करायचे, मग तणसात (भाताच्या पेंढ्यात) घालून लाकडी पेट्या भरायच्या. भागरथाबाई संत्र्याकडे बघायच्याच नाहीत. बोलता बोलता फळ तळहातावर यायचं आणि आपल्या ढिगात जायचं. "डोळा फसते गा," त्या म्हणाल्या, "हात फसत नाई."

आणि सौदा. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर उभे राहायचे, अडत्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा, आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा. तोंडानं एक शब्द नाही. शेजारच्या व्यापाऱ्याला भाव कळू नये म्हणून ही रीत. कायद्यानं बंद झालीय म्हणतात. पण तिथं कायदा मार्केटच्या दाराशी पाटीवर लिहिलेला होता, आणि दुपट्टा आत होता.

वादही आत होता. झिबल नावाचा म्हातारा पेट्यांवर फळ्या ठोकायचा, तो बाईंचा. दादाराव नावाचा तरणा हमाल म्हाताऱ्यांचा. दोघांची जोडी ऐकायला माणसं चहा लांबवायची.

"बाईनं गाड्या टायमावर आणल्या," झिबल म्हणायचा. "काल कलकत्त्याचा डबा वेळेवर लागला का नाई लागला?"

"गाड्या टायमावर आल्या, अन् माह्या भाटव्याले (बहिणीच्या नवऱ्याला) टायमाच्या आधीच उचलून नेलं! लगन होऊन सहा महिने नाई झाले, अन् नसबंदी!"

"तुह्या भाटव्याचं मले वाईट वाटते गा. पण तुहे म्हातारे? चार जण, चार तोंडं चार दिशेले. बंडीले चार बाजूनं चार बैल जुंपले तं बंडी जाते कुठं?"

"कुठंच नाई जात. पण अंगावर तं येत नाई!"

सगळे हसले. भागरथाबाई ढिगावरून म्हणाल्या, "झालं असन तं पेट्या उचला बापा. बाई बी नाई येऊन राहिल्या उचलाले, अन् म्हातारे बी नाई."

"मावशे, तू कोणाले देशील?" दादारावनं विचारलं.

"तुले तं नाई देत. तू उभाच नाई राहिला."

नत्थूजी शेठ गादीवर बसून हे ऐकत होता. गोरा, गोल, बोलायला गोड माणूस. बाईंच्या उमेदवाराकडच्या माणसांना त्यानं शब्द दिला होता की वखारीतली सगळी मतं आपली. शब्द देऊन बसला आणि आता त्याला झोप नव्हती. कारण ज्याला विचारावं तो म्हणायचा, "तुमच्याच बाजूनं, शेठ." अडत्याचा धंदाच असा, की गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर दुकान बसतं.

"मास्टर," तो मला म्हणाला (चष्मा असलेला प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्टर), "यायच्या (यांच्या) मनातलं कसं कळावं?"

इथं मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिणार. मी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि लोकशाही शिकवायला लागलो. गुप्त मतदान म्हणजे काय, ते का हवं, शेजाऱ्याच्या भीतीनं माणूस खरं कसं बोलत नाही. आणि भरात येऊन म्हणालो, "तुमच्याच मार्केटात बघा की शेठ! हा दुपट्टा म्हणजे गुप्त मतदानच. दाबणाऱ्याचं बोट शेजाऱ्याला दिसत नाही."

नत्थूजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे नव्यानं बघितलं. "वा," तो म्हणाला. "शिकलेला माणूस तो शिकलेला माणूस." मला बरं वाटलं. मी संत्र्याची बर्फी मागवली, ती त्यानं दिली, मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या यायच्या आधी त्यानं वखारीतल्या सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"भाई, कोणाची सक्ती नाई. अपनी अपनी मर्जी. दुपट्ट्याखाली हात द्यायचा. बाईले देणार असन तं एक बोट दाबा, म्हाताऱ्याईले असन तं दोन. बाजूच्याले कळणार नाई. हे आपले मास्टर आहेत, यायनंच सांगितलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भागरथाबाईंनीही. आणि तेव्हा, बी. ए. झालेल्या माझ्या डोक्यात उजेड पडला, की बाजूच्याला कळणार नाही हे खरं, पण दुपट्ट्याखाली दुसरा हात शेठचा आहे.

"शेठ, मी असं नव्हतो म्हणालो. हे गुप्त नाही. तुम्हाला कळणार..."

"मले कळलं तं काय झालं? मी कोणी परका आहे का?"

ओळ सरकायला लागली. झिबलनं हात घातला, त्याचं एक बोट खरंखुरंच असणार. मग हमाल. प्रत्येकाचा चेहरा दुपट्ट्याखाली हात जाताना मख्ख व्हायचा आणि बाहेर येताना ओशाळा. दादाराव पुढे आला. काल एवढा तोडून बोलणारा दादाराव. त्यानं हात घातला, नत्थूजी हसला, "शाबास" म्हणाला. दादाराव माझ्याकडे न बघता निघून गेला.

भागरथाबाईंची पाळी आली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"भागरथाबाई, हात द्या."

"नाई देत."

"काहून? तुम्ही म्हाताऱ्याईच्या आहे का?"

"थे बी नाई सांगत. शेठ, या दुपट्ट्याखाली वीस वर्षं पाहून राहिली मी. याच्याखाली मालाचा भाव होते. मी माल नोहो."

नत्थूजीचा गोडवा एक क्षण टिकला. "सगळ्याईनं दिला, तुम्हालेच काय झालं? एक बोट दाबाले काय जाते?"

"मग तुम्ही सांगा आधी. मोठ्यानं. तुमची बायको कोणाले देते?"

एक बाई फिसकन हसली. तिथंच बिघडलं. नत्थूजीनं दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "ज्याले हात द्यायचा नाई त्याची आजपासून वखारीत जागा नाई."

भागरथाबाईंनी आपलं बसायचं पोतं उचललं, झटकलं, घडी घातली आणि बाहेर गेल्या. त्यांच्यामागे कमला नावाची एक तरुण बाई गेली. बाकीच्या बसून राहिल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरी चुली सगळ्यांच्या होत्या. मीही निघालो. जाताना नत्थूजी म्हणाला, "मास्टर, तुम्ही काहून चालले? बर्फी मागवून राहिलो."

"ती तुमच्याच घशात घाला," मी म्हणालो. एवढंच सुचलं. मी काही फार हजरजबाबी नाही.

संध्याकाळी मनोहर कळमेश्वरहून आला, त्याला सगळं कळलं आणि तो पहिला माझ्यावर नाही, आईवर चिडला.

"दाबून टाकायचं ना एक बोट! खऱ्या मतपेटीत तुले जे करायचं थे कर. त्याले काय समजते?"

"म्हणजे खोटं बोलू?"

"त्यात काय खोटं..."

"खोटं चोर बोलते. मत माहं, मी काहून चोर होऊ?" भागरथाबाई भाकर थापत होत्या, थापा जरा जोरात पडत होत्या. "तुले पंधरा वर्षं शिकवलं थे एक बोट दाबाले का? अन् हा दुसरा मास्टर, यानं तं त्याले दुपट्टाच दाखवला!"

मी मान खाली घातली. "मावशी, चूक झाली माझी."

"झाली तं झाली. जेव."

जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं. दीक्षेच्या पुढच्याच साली मत आलं. त्यांचं पहिलं. शाळेत टेबल मांडलेलं, टेबलामागे साहेब. "त्यानं कागदात पाहून माहं पूर्ण नाव घेतलं, मोठ्यानं. तोवर मले कोणी 'ए' म्हणे, कोणी 'वं' म्हणे. त्यानं नाव घेतलं अन् विचारलं, हे तुम्हीच का? मी म्हटलं, मीच. मग त्या पडद्याच्या मागं गेली. एकटी. तिथं मनोहरचा बाप बी नोहता माह्या संगं. थे जागा मी नत्थूजीले देऊ?"

मनोहरनं माझ्याकडे बघितलं. तीन वर्षं आम्ही दोघांनी राज्यशास्त्राच्या वह्या एकमेकांच्या बघून लिहिल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी मला वाटलं, त्या घरी राहतील. त्या नेहमीच्याच वेळी निघाल्या. मार्केटच्या बाहेर, जिथं बंड्या आत जायला रांगेत थांबतात, तिथं रस्त्याच्या कडेला त्यांनी पोतं अंथरलं आणि बसल्या. कमला शेजारी.

"इथं काय करणार, मावशी?"

"निवडणार. संत्रं वखारीतच निवडलं जाते असं थोडंच आहे."

तास गेला, दोन गेले. मार्चचं ऊन नागपुरात डोक्यात उतरतं. मी चहा आणला, कागदाचा पंखा केला. इतर अडत्यांकडे विचारून बघितलं होतं, पण नत्थूजीनं काढलेल्या बाईला कोण घेणार? मग कळमेश्वरकडचा एक शेतकरी आपल्या बंडीवरून उतरला. तो त्यांना ओळखत होता.

"बाई, बाहेर काहून बसून राहिल्या?"

"हवा लागते."

त्यानं थोडा विचार केला आणि बंडीचं फाटक सोडलं. "मंग माहा माल इथंच पाहून द्या. मोठा आधी अलग झाला तं भाव मीच सांगीन, शेठ काहून सांगन?"

त्याच्यामागची बंडी थांबली. मग तिसरी. वखारीत ढीग पडला की कुठलं फळ किती होतं हे अडत्या सांगायचा; इथं शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांनी दिसत होतं. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला चार ढीग झाले होते आणि वखारीतल्या आणखी दोघी पोती घेऊन बाहेर आल्या होत्या. बंड्यांमुळे रस्ता अडला, ट्रकवाले ओरडायला लागले. हवालदार आला. तो काही बोलायच्या आत भागरथाबाईंनी त्याच्या हातावर एक संत्रं ठेवलं. "खाऊन पाहा, मंग उठवा." तो खाईपर्यंत एक बंडी आत गेली आणि रस्ता झाला.

तिसऱ्या प्रहरी दादाराव आला. उभाच राहिला.

"मावशे, मी काल एकच बोट दाबलं. पण देणार दुसऱ्याईलेच. खरंच."

"मंग तू त्याले बी फसवलं अन् तुह्या म्हाताऱ्याईले बी. जाय, पाणी आण."

तो पाणी घेऊन आला आणि तिथंच पेट्या उचलायला लागला.

माझा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा झिबल बाहेर आला. हातोडी हातातच. म्हातारा नीट अदबीनं बोलला.

"बाई, शेठ म्हणतात, ऊन लागून राहिलं, आत येऊन बसा. दुपट्ट्याचं त्याईनं सोडलं."

"शेठ सोतानं काहून नाई आला?"

"लाजते."

भागरथाबाईंनी हातातलं फळ मोठ्याच्या ढिगात टाकलं. मला वाटलं, उठणार. जिंकल्या होत्या त्या.

"झिबलभाऊ, त्याले सांग, येईन. पण मत टाकल्यावर. तोवर मी इथंच बसीन. त्याच्या छपराखाली बसून मत टाकलं तं थो म्हणन, सावली मी दिली होती."

झिबल हसला, मान हलवली. "माह्या बाईले देशील का पण?" त्यानं जाता जाता खोडी काढलीच.

"चालता हो म्हाताऱ्या!"

त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. मनोहर पोहोचवायला आला. त्यानं कारखान्यातून अर्धी सुट्टी काढली होती. ट्रंकेत भागरथाबाईंनी दोन डझन संत्री घातली, 'मोठ्या'तली. त्यांनी मत कुणाला दिलं ते मला माहीत नाही. मनोहरलाही नाही. पुढच्या पत्रात त्यानं एवढंच लिहिलं, की मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आई आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

मी गावी पोहोचलो तर इथंही तोच गजर. चावडीवर बसलेल्यांनी मला धरलं. "काय रे, नागपूरवाले कुणाला देणार?"

"विचारलं नाही."

"पाच दिवस राहून विचारलं नाहीस? मग बी. ए. कशाला झालास?"

मतदानाच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला हाक मारली. पूर्वी त्यांना रानाचा मालक सांगायचा तिथं ते शिक्का मारायचे. मी कॉलेजात गेल्यापासून मी सांगायचो तिथं. याला मी सुधारणा समजत होतो. "यंदा कुठं मारायचा रं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा, आबा."

त्यांना वाटलं मी रागावलोय. रात्री जेवताना बोलले नाहीत. मीही समजावलं नाही. मला समजावता येईल याची खात्री उरली नव्हती. सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला, आणि शाळेत एकटेच गेले. मी दाराशी वाट बघत होतो. ते बऱ्याच वेळानं आले. माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलंच, "कुणाला दिलं, आबा?"

वडील थांबले. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं.

"तुला रं कशाला पायजे?" म्हणाले, आणि मला ओलांडून घरात गेले.